संत व्हिन्सेंट द पॉल : दयेला नियमांची जोड

नैर्ऋत्य फ्रान्समधील शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या व्हिन्सेंट द पॉल (१५८१–१६६०) यांनी १६१७ मध्ये शातियों येथे प्रवचनात एका आजारी कुटुंबाची हलाखी सांगताच गावकऱ्यांनी त्या घरी इतके अन्न नेले की ते नासणार आणि पुढे पुन्हा उपासमार होणार, हे ओळखून व्हिन्सेंट यांनी पाळीपाळीने जेवण पोचवणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या स्त्रियांचे मंडळ उभारले. लुईझ द मारियाक यांच्यासह १६३३ मध्ये स्थापलेला ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ हा संघ त्याहून धाडसी म्हणावा लागेल, कारण व्रतस्थ स्त्रियांवर मठाच्या भिंतीआड राहण्याचे बंधन असताना या भगिनी, बहुतेक खेड्यातल्या मुली, पॅरिसच्या गल्ल्यांतून रुग्णांच्या घरी जात. संतपद, म्हणजे सार्वत्रिक वंदनास चर्चची अधिकृत मान्यता, व्हिन्सेंट यांना १७३७ मध्ये मिळाली.