दागिन्याचे आयुष्य दोऱ्यावर

सोने गंजत नाही, कुजत नाही आणि पिढ्या उलटल्या तरी त्याचे मोल टिकून राहते. म्हणूनच आपल्या व्यापारी घराण्यांनी ते अडीअडचणीचा आधार म्हणून जपले. तथापि आजेसासूबाईंकडून आलेली बोरमाळ, ठुशी, तन्मणी किंवा मोत्यांची नथ हातात घेऊन नीट पाहावी. तीत सोन्याच्या जोडीला दोरा असतो, लाख असते, काचेचे मणी असतात, मोती असतात. जुना दागिना निकामी होतो तो सोन्यामुळे क्वचितच. बहुधा या सोबत्यांपैकी एखाद्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. मग तो मोडीत जातो. सोन्याचे पैसे हाती येतात, परंतु घडणावळ बुडते आणि ती हातची घडण पुन्हा मिळत नाही. म्हणून आपल्या दागिन्यात काय काय आहे, हे प्रत्येक घराने जाणून घेतले पाहिजे.

सोने आणि त्यावरील ठसा

शुद्ध चोवीस कॅरेट सोने फार मऊ असते. दागिना आकार धरून राहावा म्हणून त्यात तांबे, चांदी यांसारखे धातू मिसळतात. बावीस कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोने असते, अठरा कॅरेटमध्ये ७५ टक्के. घामाने किंवा रसायनांनी दागिना काळवंडतो तो मुख्यतः या मिसळलेल्या धातूंमुळे. पारा मात्र थेट सोन्यालाच धरतो आणि त्यावर पांढरा डाग पाडतो. फुटलेल्या तापमापकाजवळ दागिना घातलेला हात नेऊ नये. पोहण्याच्या तलावातील क्लोरीनही दागिन्याच्या बारीक जोडांना कमकुवत करते.

जून २०२१ पासून देशात टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून विक्रीच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र ओळखखूण आवश्यक ठरली. हा ठसा सोन्याची शुद्धता सांगतो. आत लाख किती, मणी किती, हे सांगत नाही. यासाठी पावतीवर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचे वजन वेगवेगळे लिहून घ्यावे. आज न लिहिलेला हा आकडा मोड देताना किंवा मुलींमध्ये वाटणी करताना वादाचे कारण होतो.

पोकळ मणी आणि लाख

बोरमाळेचे मणी किंवा कोल्हापुरी साजाची पाने बहुधा भरीव नसतात. सोन्याच्या पातळ पत्र्याला आकार देऊन आत लाख भरलेली असते. थोड्या सोन्यात भरदार दागिना घडवण्याची ही जुनी, प्रामाणिक रीत आहे. परंतु लाख उष्णतेने मऊ होते आणि ती उकळत्या पाण्याइतकी उष्णता सोसत नाही. दागिने चकाकावेत म्हणून ते साबणाच्या पाण्यात उकळण्याची सवय काही घरांत आहे. भरीव बांगडीला त्याने फारसे होत नसेल. बोरमाळेची मात्र लाख पाझरते, मणी आतून रिता होतो आणि पुढे बोटाच्या दाबानेही चेपतो. असे दागिने मऊ कोरड्या कापडाने पुसावेत. पाणी वापरायचेच तर कोमट पाण्यात साधे कापड बुडवून घट्ट पिळून घ्यावे.

कुंदनाचेही तसेच. खड्यामागे चकाकीसाठी पातळ वर्ख बसवलेला असतो. आत पाणी शिरले की तो काळा पडतो आणि खडा निस्तेज दिसू लागतो. कुंदनाचा दागिना कधीही पाण्यात बुडवू नये.

मोती आणि पोवळे

मोती हा खनिज खडा नव्हे. शिंपल्यातील जिवाने थरावर थर चढवून घडवलेला तो चुन्याचा पदार्थ आहे. पोवळेही चुन्याचेच. आम्लाचा स्पर्श दोघांनाही घातक असतो. लिंबू, व्हिनेगर, चिंच आणि रिठ्याचे पाणी यांपासून त्यांना दूर ठेवावे. अत्तर, केसांवरील फवारे आणि घाम यांनीही मोत्याचे पाणी उतरते. साजशृंगार आटोपल्यावर मोती सर्वांत शेवटी घालावेत, घरी परतल्यावर सर्वांत आधी उतरवावेत आणि मऊ सुती कापडाने पुसून ठेवावेत.

जुन्या नथीतील किंवा तन्मणीतील मोती बसरा असण्याचा संभव असतो. विसाव्या शतकाच्या आरंभी आखाती समुद्रातील मोत्यांचा मोठा व्यापार मुंबईतून चाले. पुढे जपानी संवर्धित मोती आणि जागतिक मंदी यांनी तो व्यापार बसवला. नैसर्गिक आणि संवर्धित मोती यांतील भेद नुसत्या डोळ्यांनी खात्रीने ठरत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत क्ष-किरण तपासणी लागते. तेव्हा जुने मोती दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी मोजावेत, वजन करावे आणि छायाचित्र काढून ठेवावे.

दोरा

ओवलेल्या दागिन्यात सर्वांत स्वस्त वस्तू दोरा आणि सर्वांत मोठी जबाबदारीही त्याचीच. घाम, तेल आणि धूळ यांनी तो आतून कुजतो, मण्यांच्या कडांनी घासला जातो. मोत्यांच्या मध्ये दोरा दिसू लागला, तो मळकट झाला किंवा माळ लांबल्यासारखी वाटली, की ती पुन्हा गाठवून घेण्याची वेळ आली असे समजावे. नेहमी वापरातील मोत्यांची माळ वर्षा-दोन वर्षांनी गाठवावी. दोन मोत्यांमध्ये गाठ मारून घेतली तर मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटलाच तर सगळे मोती विखुरत नाहीत. मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांनाही हीच काळजी लागते. चांगला पटवेकरी गाठीत दागिन्याचे आयुष्य बांधून देतो. त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये.

येथे अहिंसेचा विचारही येतो. रेशमासाठी कोशातील किडे मारले जातात, लाख ही कीटकांपासून मिळते आणि मोती काढताना शिंपल्यातील जीव बहुधा वाचत नाही. ज्या घरांत रेशीम वर्ज्य आहे त्यांनी गाठवायला देतानाच सुती किंवा नायलॉनचा दोरा मागावा. बहुतेक पटवेकरी तो देतात. नवा दागिना घेताना भरीव सोन्याचा किंवा काचेच्या मण्यांचा पर्यायही असतो. वाडवडिलांपासून आलेला दागिना जपून वापरला, तर नव्याची गरज तेवढीच कमी होते.

ठेवण आणि नोंद

प्रत्येक दागिना वेगळ्या मलमलीच्या कापडात ठेवावा. सोन्यावर सोने घासून ओरखडे पडतात आणि धातूच्या कडांनी मोत्याचा वरचा थर दुखावतो. मोत्यांची माळ खुंटीला टांगू नये, आडवी ठेवावी. मोती हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षे कोंडू नयेत. बँकेच्या लॉकरमधील दागिने वर्षातून एकदा-दोनदा बाहेर काढून दोरे, फासे आणि खड्यांच्या बैठकी तपासाव्यात.

दीपावलीला आपण वहीपूजन करतो. त्याच सुमारास दागिन्यांचीही एक वही घालावी. दागिन्याचे नाव, तो कोणाकडून आला, एकूण वजन, निव्वळ सोने, मोती किती, लाख आहे की नाही, शेवटी केव्हा गाठवला, एवढ्या नोंदी पुरेत. सोबत पावती आणि छायाचित्र जोडावे. घरातील ज्येष्ठ स्त्रियांना आज ज्या गोष्टी तोंडपाठ आहेत, त्या त्यांच्याबरोबर नाहीशा होतात. त्या असतानाच ही वही लिहून घ्यावी. सुनेच्या किंवा लेकीच्या हाती दागिना सोपवताना तीही सोबत द्यावी.