नवा लॅपटॉप घेतांना काय पाहावें व सूट कशी मागावी

जून महिना जवळ आला म्हणजे आमच्या भागांतील पुष्कळ शेतकरी बंधूंच्या घरीं एक नवा खर्च उभा राहतो. मुलगा किंवा मुलगी बारावी होऊन जळगांव, नाशिक अथवा पुण्यास कॉलेजांत जावयाची असते व लॅपटॉप पाहिजे असतो. कापूस विकून किंवा केळीचा हिशेब होऊन हातीं आलेल्या पैशांतून पन्नास-साठ हजार रुपये एकदम बाहेर पडतात. बैलजोडी घ्यावयाची झाली तर आपण दांत पाहतों, खांदा पाहतों, चालवून पाहतों, आणि मगच रुमालाखालीं दलालाच्या हातांत हात देतों. लॅपटॉप घेतांना मात्र दुकानदारानें जें पुढें ठेवलें तें उचलून घरीं येतों. सबब या विषयासंबंधीं आम्हांस पदरमोड करून जें ज्ञान झालें तें वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम आमची चूक सांगतों. २०२२ सालीं थोरल्या चिरंजीवासाठीं आम्हीं एका दुकानांतून लॅपटॉप घेतला. विक्रेत्यानें प्रोसेसरच्या मोठ्या नांवाची फार स्तुति केली. शिवाय पिशवी, माउस व हेडफोन ‘फुकट’ दिले. आम्ही खूष होऊन परतलों. दीड वर्षानें अभियांत्रिकीचे नकाशे काढण्याचें काम आलें तेव्हां यंत्र अडूं लागलें. त्यांतील रॅम ८ जी. बी. होती, ती १६ करावी म्हणून कारागिराकडे नेलें. त्यानें झांकण उघडून दाखविलें कीं, रॅम मुख्य पट्टीवरच डाख लावून कायमची बसविलेली आहे व दुसरी बसविण्यास खांच नाहीं. तें यंत्र पुढें अर्ध्याहून कमी किंमतीस गेलें. आमची सारी नोकरी महसूल खात्यांत दुसऱ्यांचे कागद तपासण्यांत गेली, आणि स्वतःच्या खरेदींत एक साधा प्रश्न विचारावयाचा राहिला.

तो प्रश्न असा : या यंत्रांतील कोणता भाग पुढें बदलतां येईल व कोणता येणार नाहीं? प्रोसेसर, म्हणजे हिशेब करणारा मुख्य भाग, व पडदा यांची निवड एकदांच होते. रॅम, म्हणजे काम चालू असतांना कागद पसरावयाचें मेज, कांहीं यंत्रांत खांचेंत बसते व कांहींत कायमची डाखलेली असते. पातळ व हलक्या यंत्रांत दुसरा प्रकार विशेष आढळतो. एस. एस. डी., म्हणजे दप्तर ठेवण्याचें कपाट, बहुतेक यंत्रांत बदलतां येतें. यावरून नियम निघतो तो हा : जें पुढें बदलतां येत नाहीं त्यावर आज पैसा घालावा; जें पुढें बसवितां येतें त्यासाठीं आज जादा भाव देऊं नये.

आतां गरज किती तें पाहूं. कला व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास लेखन, हिशेब व ऑनलाइन शिक्षण एवढेंच काम असतें. त्यास साधा प्रोसेसर व ८ जी. बी. रॅम पुरते, मात्र एक खांच रिकामी असावी. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यानें मध्यम प्रतीचा प्रोसेसर, १६ जी. बी. रॅम व ५१२ जी. बी. ची एस. एस. डी. धरावी. विंडोज ११ साठीं किमान ४ जी. बी. रॅम सांगितलेली आहे. परंतु ती बसण्यापुरती जागा आहे, काम करण्यापुरती नव्हे. विंडोज १० ची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं नेहमींच्या वापरासाठीं बंद झाली. सबब ज्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ चालत नाहीं तें कोणी स्वस्त म्हणून पुढें केल्यास घेऊं नये.

प्रोसेसरच्या नांवास भुलूं नये. इंटेलच्या ‘आय-३’, ‘आय-५’, ‘आय-७’ या नांवांपुढें आंकडा असतो, त्याचे पहिले दोन अंक पिढी दाखवितात. १२३५ म्हणजे बारावी पिढी, १३३५ म्हणजे तेरावी. कित्येक वेळां जुन्या पिढीच्या ‘आय-७’ पेक्षां नव्या पिढीचा ‘आय-५’ अधिक काम देतो. जनावराचें वय न विचारतां केवळ जात विचारणें हें जसें, तसेंच हें आहे.

आमच्या खानदेशासाठीं एक गोष्ट निराळी सांगितली पाहिजे. लॅपटॉपच्या माहितीपत्रकांत बहुधा ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेंत वापर सांगितलेला असतो. भुसावळास वैशाखांत पारा ४५ अंशांच्याही वर जातो. म्हणून अति पातळ यंत्रापेक्षां ज्याच्या बाजूस हवेचे मार्ग मोठे आहेत व पंखा साफ करितां येतो असें यंत्र घ्यावें, आणि तें गोधडीवर न ठेवतां फळीवर ठेवावें. उष्णतेनें बॅटरी लवकर उतरते. यंत्राची वॉरंटी दोन-तीन वर्षांची असली तरी बॅटरीची पुष्कळदां एकच वर्षाची असते, तेव्हां ती निराळी विचारून घ्यावी.

आतां सूट मागण्याची रीत. पहिली गोष्ट, यंत्राचा पूर्ण मॉडेल नंबर कागदावर लिहून घ्यावा. एका नांवाखालीं दहा प्रकार विकले जातात, व नंबर नसेल तर भावाची तुलना होत नाहीं. दुसरी, भुसावळांतील दोन दुकानें, जळगांवांतील एक व ऑनलाइनचा भाव असे चार आंकडे एकाच दिवशीं घ्यावे. तिसरी, आधीं केवळ यंत्राचा भाव पक्का करावा. जुनें यंत्र बदल्यांत देणें, बँकेच्या कार्डाची सवलत, हप्ते या गोष्टी त्यानंतर काढाव्या. सर्व एकत्र बोललें म्हणजे एका खिशांतून दिलेलें दुसऱ्या खिशांतून जातें. चौथी, फुकट वस्तूंची किंमत विचारून ‘त्या ठेवा व तेवढे रुपये कमी करा’ असें म्हणावें. पांचवी, निकड नसल्यास कॉलेजें उघडण्याच्या वेळच्या किंवा दसरा-दिवाळीच्या सवलती पाहाव्या.

‘बिनव्याजी हप्त्यां’विषयीं सावध असावें. रिझर्व्ह बँकेनें २०१३ सालींच बँकांना बजावलें होतें कीं, शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वांत नाहीं. अशा हप्त्यांत पुष्कळदां रोखीची सूट सोडावी लागते, आणि कार्डावरील हप्त्यांच्या व्याजावर जी. एस. टी. निराळा पडतो. ‘रोख देतों, तर किती?’ हा प्रश्न अवश्य विचारावा.

२०२५ च्या जूनमध्यें कन्येसाठीं आम्ही याच रीतीनें गेलों. ८ जी. बी. रॅम व एक रिकामी खांच असलेल्या यंत्राचा भाव दुकानदारानें ५६,५०० रुपये सांगितला. तेंच यंत्र कंपनीकडूनच १६ जी. बी. भरून घेतल्यास ६१,००० रुपये. आम्हीं चारही भाव लिहिलेला कागद पुढें ठेवला. तो म्हणाला, “काका, ऑनलाइनच्या भावानें आम्हांस परवडत नाहीं.” आम्हीं म्हटलें, “तुम्हीं तोटा सोसावा असें आम्ही म्हणत नाहीं. पिशवी-माउस ठेवा, रोख घ्या, आणि जादा रॅम बाजारभावानें तुम्हींच बसवून बिलांत लिहा.” यंत्र ५४,५०० रुपयांस ठरलें व रॅमचे २,००० पडले. म्हणजे प्रथम सांगितलेल्या भावांतच दुप्पट रॅमचें यंत्र हातीं आलें. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत. म्हणून कंपनीची भरलेली व बाजारांतील सुटी या दोहोंचा भाव त्याच दिवशीं ताडून पाहावा. जादा रॅम बसविल्यानें वॉरंटीस बाध येत नाहीं हें लेखी घ्यावें.

शेवटीं पावतीविषयीं. ‘बिल नको असेल तर जी. एस. टी. वाचेल’ असें कोणी म्हटल्यास तेथून उठावें. लॅपटॉपवर कर १८ टक्के आहे. पण बिलाशिवाय वॉरंटी मागावयाची कोणत्या आधारें? छापील कमाल किंमतींत सर्व कर धरलेले असतात, त्यावर निराळा कर देणें लागत नाहीं. बिलावर मॉडेल, सीरियल नंबर व दिलेली सूट हीं तिन्ही असावीं, आणि खोक्याचें सील आपल्यासमोर फोडून नंबर जुळवून पाहावा. फसवणूक झाल्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, व जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागतां येते. परंतु तेथेंही पहिला कागद मागतात तो बिलाचा.

कन्येचें यंत्र हल्लीं रात्रीं उशिरापर्यंत चालतें व अडत नाहीं. थोरल्याच्या वेळच्या चुकीचा खर्च आमच्या कापसानें सोसला. तो आमच्या वाचकांच्या कापसास सोसावा लागूं नये एवढाच या लेखाचा हेतु आहे.