डोळ्याच्या पाण्याला नवं तोंड

डोळे आले की चेन्नईत ‘मद्रास आय’ झाला म्हणतात. हा शब्द तिथे पोराटोरांनाही येतो. एग्मोरचं सरकारी नेत्ररुग्णालय तर १८१९ पासूनचं, म्हणजे डोळ्यांच्या बाबतीत हे शहर जुनंजाणतं. पण डोळ्यातून सारखं पाणी गळणाऱ्याच्या हाती ‘डॅक्रिओसिस्टोरायनॉस्टॉमी’ लिहिलेला कागद पडला, की भल्याभल्यांची बोबडी वळते. डॉक्टर स्वतः ‘डीसीआर’ म्हणून मोकळे होतात.

शब्द ग्रीक आहे. डॅक्रि म्हणजे अश्रू, सिस्ट म्हणजे पिशवी, राइन म्हणजे नाक आणि स्टोमा म्हणजे तोंड. मधले ‘ओ’ निव्वळ सांधे. अश्रू पापणीच्या नाकाकडच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांतून अश्रुपिशवीत जातात आणि तिथून नळीने नाकात उतरतात. म्हणून तर रडताना नाक वाहतं आणि डोळ्यात घातलेल्या थेंबांची कडू चव घशाशी येते. ही नळी बुजली, तर पिशवी आणि नाक यांच्यामधलं थोडं हाड काढून पाण्याला नवी वाट करून देतात. फ्लॉरेन्सच्या अद्देओ तोती यांनी १९०४ मध्ये मांडलेली ही शस्त्रक्रिया. तिचा अख्खा नकाशा नावातच आहे.

मग जीभ अडखळते कुठे? अर्थ तुटतो तिथे उच्चार तुटत नाही म्हणून. अर्थाने फोड ‘राइन-ओ-स्टमी’. बोलताना मात्र ‘राय-नॉस-ट-मी’, आणि जोर नेमका ‘नॉस’वर. त्या एवढ्याशा ‘नॉस’मध्ये नाकाचा न, सांध्याचा ओ आणि तोंडाचा स! ‘सूर्योदय’मधल्या ‘र्यो’त सूर्य कुठे संपतो, हेही असंच विचारता येईल. स्पेलिंगमधला ‘आर’नंतरचा ‘एच’ इंग्रजीत मुका असतो. वऱ्हाड, ऱ्हास म्हणणारा मराठी माणूस तो उच्चारून ‘ऱ्हायनो’ म्हणतो. म्हणेना का, त्याने काही बिघडत नाही.

बिघडतं ते शेपूट चुकली तर. ‘डॅक्रिओसिस्टेक्टॉमी’, म्हणजे डीसीटी, यात पिशवीच काढून टाकतात. पिशवीतला पू थांबतो, पण डोळ्याचं गळणं राहू शकतं. कागदावर फरक इतकासाच, म्हणून सही करण्याआधी शेवट नीट वाचावा.

नळी उघडी आहे का, हे पाहायला पापणीच्या त्या बारीक छिद्रातून पिचकारीने सलाइन सोडतात आणि चेन्नईत विचारतात, ‘तोंडैल तण्णी वरुदा?’ तमिळमध्ये तोंडै म्हणजे घसा. मराठी रुग्णाने ‘तोंड’ ऐकून नकारार्थी मान हलवली, तर वाहती नळीही बुजलेली ठरायची.