पायाखालची जमीन : भाड्याच्या घराला फरशी कोणती?

आपल्यापैकी बऱ्याच जणांचं लहानपण शहाबादी फरशीवर नाहीतर मोझॅक टाइल्सवर गेलं. ती फरशी कुणी ‘निवडली’ होती असं आठवत नाही. घर बांधलं तेव्हा बसली आणि तीन पिढ्यांनी पुसली, एवढंच. त्यामुळे अमेरिकेत येऊन जमिनीविषयी कधी लेख लिहावा लागेल असं वाटलं नव्हतं.

सुरुवात झाली ती वरणाच्या एका डागाने. इथल्या आमच्या पहिल्या अपार्टमेंटमध्ये स्वयंपाकघराच्या दाराशी कार्पेटवर वाटी सांडली. हळदीपुढे कुठलाही साबण चालेना. जागा सोडताना मालकाने आख्ख्या खोलीच्या कार्पेटचे पैसे डिपॉझिटमधून कापले. वीतभर डागाला एवढी शिक्षा? त्या माणसाला आम्ही बरीच वर्षं नावं ठेवली.

पुढे न्यू जर्सीत दोन कुटुंबांचं एक जुनं घर घेतलं आणि मालकाच्या खुर्चीत आम्हीच जाऊन बसलो. निवृत्तीनंतरचा आधार म्हणून घेतलेलं घर. त्यात जमिनी पाच प्रकारच्या! पहिला भाडेकरू गेला तेव्हा एका खोलीत खिडकीतल्या एसीचं पाणी झिरपून लॅमिनेटच्या तीन फळ्या फुगलेल्या. मी दुकानात गेलो, तर ते डिझाइन केव्हाच बंद झालेलं. तीन फळ्यांसाठी सगळी खोली उखडावी लागली. तेव्हा कुठे त्या जुन्या मालकाची अडचण कळली. त्याच्याकडेही जोडायला जुळता तुकडा नसणार.

मंडळी, भाड्याच्या घराची जमीन निवडताना आपण ‘स्क्वेअर फुटाला किती डॉलर’ हे विचारतो. त्याआधी विचारायला हवं, ‘यातली एक फळी खराब झाली तर एकच फळी बदलता येईल का?’

आता प्रकार पाहू. लॅमिनेट म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या पाटीवर लाकडाचं छापील चित्र आणि वर कठीण थर. ओरखड्यांना ते चांगलं टिकतं, पण साध्या लॅमिनेटच्या सांध्यांतून पाणी शिरलं की कडा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. व्हायनिल प्लँकमध्ये लाकूड नसतं. त्याच्या कडक प्रकारात प्लॅस्टिकबरोबर चुनखडीची पूड असते, त्यामुळे फळी पाण्याने फुगत नाही. इथे खोक्यावरचा ‘वेअर लेअर’चा आकडा पाहावा. तो ‘मिल’मध्ये असतो, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. स्वतःच्या घराला 12 मिल चालेल, भाड्याच्या घराला 20 मिल, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर घ्यावा. फळीची एकूण जाडी पाहून फसू नये, झिजतो तो वरचा थर. आणि ‘वॉटरप्रूफ’ ही फळी असते, तिच्याखालचं लाकूड नव्हे. डिशवॉशर गळत राहिला तर पाणी कडेने खाली जाणारच.

बाथरूमला पोर्सेलिन टाइल. ती वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. मात्र सांध्यातलं ग्राउट पांढरं घेऊ नये. आपल्या स्वयंपाकघरात तर मुळीच नको, हळदीचा अनुभव वर सांगितलाच आहे.

काही उखडण्यापूर्वी कार्पेटचा एक कोपरा उचलून पाहावा. या भागातल्या जुन्या घरांत खाली ओकच्या अरुंद पट्ट्या निघतात. पाऊण इंच जाडीचं ते लाकूड अनेकदा घासून नवं करता येतं. सगळ्यांत टिकाऊ जमीन आधीच पैसे मोजून घेतलेली असू शकते! पण 9 इंची चौकोनी जुन्या टाइल्स निघाल्या तर हात आवरावा. 1980 पूर्वीच्या अशा टाइल्समध्ये आणि त्यांच्या डिंकात ॲसबेस्टॉस असू शकतो. फोडू नयेत, घासू नयेत. आधी तपासणी करून घ्यावी.

आम्ही शेवटी ठरवलं ते असं. दोन्ही मजल्यांवर, बाथरूम सोडून सगळीकडे एकच व्हायनिल, एकच रंग. मधला तपकिरी, कारण गडद रंगावर धूळ दिसते आणि फिक्यावर बाकी सगळं. कापाकापीसाठी 10 टक्के जास्त घेतात, त्यावर आणखी चार खोकी घेतली. ती तळघरात आडवी ठेवली आहेत आणि त्यांवर मॉडेल व लॉट नंबर लिहिला आहे. फळ्या एकमेकींत अडकवण्याऐवजी चिकटवून घेतल्या. त्याला खालची जमीन अगदी सपाट करावी लागते, मजुरी वाढते. पण खोलीच्या मधली एक फळी गरम करून उचलता येते, भिंतीपासून सगळं सोडवत यावं लागत नाही. वरच्या मजल्यावर पावलांचा आवाज खाली जातो, म्हणून तिथे फळ्यांखाली आवाज शोषणारा थर घातला. भाडेकरूला एकच विनंती करतो : रबरी पाठीचे पायपुसणे नकोत, त्यांचे पिवळे डाग व्हायनिलमध्ये कायमचे उतरतात.

हिशेबाचंही बोलू. करासाठी भाड्याच्या घरातल्या सुट्या कार्पेटचा घसारा 5 वर्षांत निघतो. चिकटवलेली किंवा ठोकलेली जमीन इमारतीचा भाग धरली जाते, तिचा 27.5 वर्षांत. दोनचार फळ्या बदलणं मात्र सहसा दुरुस्ती ठरते आणि त्याच वर्षी वजा होते. आपल्या सीपीएला विचारून घ्यावं.

न्यू जर्सीत सुरुवातीला दीड महिन्याच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही, आणि भाडेकरू गेल्यावर सहसा 30 दिवसांत ते हिशेबासह परत करावं लागतं. रोजच्या वापराची झीज कापता येत नाही. कायदा एवढं सांगतो. पण मालकाकडे जुळता तुकडाच नसला, की एका डागापायी खोलीभर भांडण होतं.

मागच्या खेपेला एक विद्यार्थी जागा सोडून गेला. गरम कुकर ठेवून त्याने एक फळी भाजली होती. बिचारा चेक गेलाच असं धरून उभा होता. तळघरातून एक फळी आणली, तासाभरात बसवली. त्या एका फळीचे पैसे घेतले आणि बाकी डिपॉझिट परत दिलं.

आमच्या वरणाच्या वाटीचा हिशेब त्या दिवशी मिटला असं वाटलं.