नव्या पिकअपचा पिवळा दिवा
बदलापूर गावात भाजी-सिमेंट वाहायला नवी डिझेल पिकअप घेतलीत, तर म्युझिक सिस्टिमच्या आधी डॅशबोर्डवरचे दिवे ओळखून घ्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला. साठलेली काजळी सुमारे ६०० अंशांना जळते. गाव ते स्टेशन अशा छोट्या, गर्दीतल्या फेऱ्यांत तेवढी उष्णता होतच नाही; मग काजळी साठत जाते आणि डीपीएफचा पिवळा दिवा लागतो. अशा वेळी गाडी कर्जत रस्त्याला काढून पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालवा, मध्येच इंजिन बंद करू नका. दुर्लक्ष केले की ओढ कमी होते आणि खर्च मोठा येतो. आणखी एक, हौदा रिकामा असला की मागचे पाटे दबत नाहीत. त्यामुळे पावसात वळणावर मागची चाके घसरू शकतात.