फिल्म खरी, डिजिटल खोटं?

फोटोग्राफीचा छंद नव्याने लागलेल्यांच्या तोंडी हल्ली एक वाक्य सतत असतं: ‘फिल्मवरचा फोटो खरा असतो, डिजिटलमध्ये सगळं एडिट केलेलं.’ तरुण मुलं कपाटातला जुना कॅमेरा बाहेर काढून त्यात महागामोलाचे रोल घालत आहेत, हे छानच आहे. पण या समजुतीपायी डिजिटलवर शिकणारी मुलं फोटोतला काळोख जरा उजळला तरी चोरी केल्यासारखी ओशाळतात, आणि ‘मी काहीही एडिट करत नाही’ हे काहींना कौशल्याचं प्रमाणपत्र वाटू लागतं. त्यामुळे हा समज एकदा नीट उलगडून बघायला हवा.

सुरुवात घरातल्या जुन्या तसबिरीपासून करता येईल. ती भिंतीवरून उतरवा आणि उजेडात धरा. पणजोबांचा कोट पुष्कळदा फोटोतला नसतोच, स्टुडिओतल्या चित्रकाराने तो ब्रशने चढवलेला असतो. माणूस गेल्यावर लक्षात यायचं की त्याचा एकट्याचा फोटोच नाही. मग लग्नातल्या ग्रुप फोटोमधून चेहरा उचलायचा, मोठा करायचा, शेजारची माणसं रंगाखाली झाकायची, हे काम स्टुडिओवाले सर्रास करत. साध्या पोर्ट्रेटलाही रिटचिंग व्हायचंच. धुऊन वाळवलेली निगेटिव्ह मागून उजेड येईल अशी ठेवायची आणि बारीक टोकाच्या पेन्सिलने सुरकुत्या, देवीचे व्रण भरत जायचे. निगेटिव्हवर शिसं चढलं की तेवढी जागा प्रिंटमध्ये उजळते. उलट काही गडद करायचं असेल तर पात्याने वरचा थर हलकेच खरवडायचा. हे सगळं फोटोशॉपच्या 1990 मधल्या पहिल्या आवृत्तीच्या कितीतरी आधीचं आहे.

डार्करूममध्ये तर हात घातल्याशिवाय प्रिंट निघतच नाही. एन्लार्जरचा उजेड कागदावर पडत असताना काडीला लावलेल्या चकतीने चेहऱ्यावर सावली धरली की चेहरा उजळ येतो. हाताच्या ओंजळीतून आकाशावर जास्त वेळ उजेड पाडला की आकाश गडद येतं. पहिलं डॉजिंग, दुसरं बर्निंग. फोटोशॉपमध्ये या दोन साधनांची चिन्हं आजही तीच आहेत: काडीवरची चकती आणि वळवलेला हात. अन्सेल अ‍ॅडम्स यांचं ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ हे 1941 मधलं प्रसिद्ध छायाचित्र घ्या. त्याची सरळ, हात न लावता काढलेली प्रिंट फिकी आहे, आकाशात पुसट ढग दिसतात. ज्या जवळजवळ काळ्या आकाशासाठी ते छायाचित्र ओळखलं जातं, ते आकाश अ‍ॅडम्स यांनी डार्करूममध्ये घडवलं आणि वर्षं जात गेली तसं अधिकाधिक काळं करत नेलं. एवढंच नाही, 1948 मध्ये त्यांनी मूळ निगेटिव्हच्या खालच्या भागावर पुन्हा रसायनांची प्रक्रिया केली.

‘ते निसर्गचित्रण झालं, वृत्तछायाचित्रात असं होत नसे’ असं कोणी म्हणेल. डोरोथिया लँग यांचं ‘मायग्रंट मदर’ हे 1936 मधलं छायाचित्र अमेरिकेतल्या मंदीचा दस्तऐवज मानलं जातं. त्यात उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता. काही वर्षांनी लँग यांनी तो निगेटिव्हवरूनच पुसून घेतला. छायाचित्र अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहे, आणि पुसलेल्या अंगठ्याची पुसट खूण अजून दिसते. यूजीन स्मिथ यांच्या अल्बर्ट श्वाइत्झर यांच्यावरच्या 1954 मधल्या चित्रमालिकेतल्या एका गाजलेल्या छायाचित्रात पुढच्या बाजूला दिसणारा हात आणि करवतीची मूठ दुसऱ्या निगेटिव्हमधून आणून बसवलेली आहे. आणखी मागे जायचं तर ऑस्कर रेयलँडर यांनी 1857 मध्ये तिसेक निगेटिव्ह जोडून एकच भव्य चित्र केलं होतं. गुस्ताव ल ग्रे यांनी त्याच सुमारास समुद्र एका निगेटिव्हमधून आणि आकाश दुसरीतून घेतलं. त्यांना तसं करावंच लागलं, कारण तेव्हाच्या काचेच्या प्लेटवर आकाश पांढरंफटक यायचं.

यातूनच पुढचा मुद्दा निघतो, आणि नेमका तोच लोक विसरतात: कोणी हात लावला नाही तरी फिल्म जे दिसलं ते जसंच्या तसं टिपत नाही. जुन्या प्लेट आणि फिल्म निळ्या रंगाला फार संवेदनशील होत्या, तांबडा त्यांना जवळजवळ दिसायचाच नाही. म्हणून त्या काळच्या फोटोंत बायकांच्या कपाळावरचं कुंकू काळंभोर दिसतं. रंगीत फिल्म आल्या तेव्हा प्रत्येकीचा रंगांचा कल कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी आधीच ठरवलेला होता. फुजीची 1990 मधली वेल्व्हिया निसर्ग टिपणाऱ्यांनी डोक्यावर घेतली ती प्रत्यक्षापेक्षा गडद हिरव्या आणि लाल रंगांसाठी. कोडॅकची पोर्ट्रा चेहऱ्याचा रंग मऊ यावा म्हणून बनवलेली आहे. रोल निवडतानाच तुम्ही फिल्टर निवडलेला असतो.

आणि आज त्या रोलचं होतं काय? बहुतेकजण तो लॅबमध्ये धुवायला देतात आणि परत घेतात त्या स्कॅन केलेल्या फाइली. रंगीत निगेटिव्ह नारिंगी असते. स्कॅनर ती उलटवतो, सॉफ्टवेअर नारिंगी छटा काढून टाकतं, पांढरं कशाला म्हणायचं, सावल्या किती उघडायच्या हे ठरवतं, आणि लॅबमधला माणूस त्यावर शेवटचा हात फिरवतो. एकच निगेटिव्ह दोन लॅबमध्ये द्या, रंग वेगळे येतील. ‘फिल्मवरचा आहे, काहीही एडिट केलेलं नाही’ असं लिहून जो फोटो लोक मिरवतात, तो एडिट झालेलाच असतो. फक्त ते काम दुसऱ्याने केलेलं असतं.

डिजिटलही कोरा आरसा नाही. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी शोधलेली रंगीत जाळी आज बहुतेक सेन्सरवर असते. प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजारच्या पिक्सेलवरून गणिताने भरले जातात. कॅमेऱ्यातून थेट निघालेली जेपेग फाइल म्हणजे कंपनीच्या अभियंत्यांनी केलेलं एडिटिंग. रॉ फाइल घेतली की तेच निर्णय तुमच्या हाती येतात. यात ओशाळण्यासारखं काय आहे?

या समजात सत्याचा एक कण आहे, तोही सांगायला हवा. निगेटिव्ह ही हातात धरता येणारी वस्तू आहे, आणि प्रिंटबद्दल शंका आली तर ती काढून ताडून बघता येते. डिजिटलमध्ये हेच काम कॅमेऱ्यातली मूळ फाइल करते. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेत ती मागतात. 2015 मध्ये शेवटून दुसऱ्या फेरीत पोहोचलेल्या छायाचित्रांपैकी सुमारे 20 टक्के या तपासणीत बाद झाली. तिथला नियम नीट समजून घ्यावा असा आहे: रंग आणि उजेड मर्यादेत सुधारला तर चालतो, चौकटीतली वस्तू काढली किंवा नवी घातली तर चालत नाही. खरेपणाचा प्रश्न इथे आहे. काय बदललं, आणि बघणाऱ्याला ते सांगितलं का? रोल घातला होता की मेमरी कार्ड, याचा त्याच्याशी संबंध नाही.

म्हणून फिल्म आणि डिजिटल सारखीच, असं मुळीच नाही. निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड बराच सोसते आणि कमी उजेडाने सावल्या गमावते. डिजिटलचं उलट: सावल्यांमधून पुष्कळ काही परत काढता येतं, पण पांढरा भाग एकदा जळला की गेला. म्हणून फिल्मवर मीटर सावलीवर धरायचा आणि डिजिटलवर पांढऱ्या सदऱ्याकडे लक्ष ठेवायचं. रोलमध्ये 36 फोटो असतात, त्यामुळे शटर दाबण्याआधी माणूस थांबतो. याच कारणांसाठी फिल्म घ्यावी. ती फार सुंदर गोष्ट आहे.

बाकीचे समज थोडक्यात. जास्त मेगापिक्सेल म्हणजे चांगला फोटो? 8 बाय 10 इंचांच्या उत्तम प्रिंटला सव्वासात मेगापिक्सेल पुरतात. फिल्म संपली? कोडॅक आणि इलफर्डचे रोल आजही बनतात, पेंटॅक्सने 2024 मध्ये नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. फ्लॅश फक्त रात्री? भर दुपारी टोपीखालच्या चेहऱ्यावरची काळी सावली घालवायला तोच उपयोगी पडतो. विमानतळावर एक्स-रेमध्ये रोल गेला की वाया? हाती धरायच्या सामानाच्या जुन्या यंत्रांतून कमी आयएसओची फिल्म सहसा सुखरूप जाते, पण नव्या सीटी स्कॅनरमधून आणि चेक-इन बॅगेतून ती कधीच जाऊ देऊ नये, असं कोडॅकच सांगतं. रोल पारदर्शक पिशवीत ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा.

आणि कोकणात, मुंबईत हमखास ऐकू येणारा समज: पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात बंद केला की सुरक्षित राहतो. चामडं ओल धरतं, आणि अंधाऱ्या, दमट, कोंदट जागेत लेन्सवर बुरशी धरते. ती काचेवरचं कोटिंग खाते, मग पुसूनही डाग जात नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला, त्यांचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा, आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांच्या आसपास ठेवा. आणि ऊन पडेल त्या दिवशी कॅमेरा बाहेर काढून वापरा.