कढीपत्त्याचे पान पिवळे का पडते?



लंडनमध्ये खिडकीत ठेवलेला कढीपत्ता पिवळा दिसला की घरचे लगेच खत घालतात. जरा थांबा! आधी मातीत बोट खुपसून पाहा. माती सतत चिखलासारखी ओली असेल तर मुळे कुजतात आणि पाने पिवळी पडतात. तेव्हा पाणी कमी करा.

माती ठीक असेल तर पाने नीट पाहा. नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते. लोह मात्र असे हलवता येत नाही. म्हणून:

१. खालची जुनी पाने सगळीच फिकट : नत्र कमी. उन्हाळ्यात दर दोन आठवड्यांनी निम्मे पातळ केलेले द्रवखत द्या.

२. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा : मॅग्नेशियम कमी. चार लिटर पाण्यात एक छोटा चमचा एप्सम सॉल्ट, महिन्यातून एकदा.

३. शेंड्याची नवी पाने पिवळी, शिरा हिरव्या : लोह कमी. मातीत लोह असते, पण इथल्या नळाच्या पाण्यातील चुन्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. पावसाचे पाणी साठवून घाला. तेवढ्याने भागले नाही तर चिलेटेड आयर्न द्या.

हिवाळ्यात थंडीने आणि कमी उजेडाने पाने गळतात. ती उपासमार नव्हे, झाडाची झोप आहे. तेव्हा खत दिले तर क्षार साचून मुळे जळू शकतात आणि झाड खरेच मरू शकते.

पिवळे पान पुन्हा हिरवे होईलच असे नाही. उपाय लागू पडला की नाही, ते नवी पालवी सांगते.

पुढच्या वर्गाला येताना एक पिवळे पान वहीत घालून आणा. सगळे मिळून ओळखू या!